पहिल्या रांगेमागे

४ जून

दादा,

नमस्कार आधीच करून टाकते, कारण पुढचं वाचताना तो तुझ्या लक्षात राहणार नाही.

ह्यांचा कारखाना अखेर बंद झाला. फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी हे नेहमीच्या वेळेला घरी आले, हातपाय धुतले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "आता काय करायचं ते तू सांग." आजवर ह्या माणसाने पडद्याचं कापड कुठलं आणू, एवढंसुद्धा मला विचारलं नव्हतं. विचारलंच आहे तर सांगून टाकलं : पुढच्या खोलीत दुकान काढायचं. साबण, कंगवे, मेणबत्त्या, दोरा, बूटपॉलिश, झाडू. घरात रोज लागतं आणि ऐन वेळी सापडत नाही, असं सगळं.

माल आला. ह्यांनी फळ्या ठोकल्या. काल पहिलं गिऱ्हाईक आलं, मागच्या गल्लीतल्या एक बाई, कंगवा मागायला. आणि दादा, मी स्वयंपाकघरात पळाले. ह्यांना पुढे ढकललं, तर हे त्या बाईंना म्हणाले की कंगवे आहेत, पण कुठे ठेवलेत ते घरात विचारून सांगतो. बाई निघून गेल्या.

तर मास्तर, तुम्ही शाळा सोडलीत, देश सोडलात, पण खडू काही हातातून सुटला नाही. फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून पत्रानेच शिकव. परक्या मुलखात रिकाम्या हातांनी जाऊन चार दुकानं उभी केलेल्या माणसाला बहिणीचं एक दुकान काय जड आहे? मला काहीच येत नाही असं धरून पहिल्यापासून सांग. चेष्टा मात्र करू नकोस. हे चाललं नाही तर आमच्यापुढे दुसरं काही नाही.

वहिनीला सांग, तिची फार आठवण येते.

तुझी
धाकटी


२१ जून

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मी काउंटरशी उभ्या उभ्याच वाचलं, आणि त्यासाठी गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं. इतक्या वर्षांत असा गुन्हा माझ्या हातून प्रथमच घडला. आता शांतपणे शिकवायला बसतो.

दुकान म्हणजे वस्तू ठेवण्याची खोली, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाक. दुकान ही एक वाट असते. ती गिऱ्हाइकाने चालायची आणि दुकानदाराने आखायची. रोज लागणारी वस्तू, म्हणजे तुझ्या बाबतीत साबण, अगदी शेवटच्या फळीवर ठेव. साबणासाठी आलेला माणूस तिथपर्यंत चालत जाईल. वाटेत त्याला मेणबत्त्या दिसतील आणि परवा वीज गेली तेव्हा आपली कशी तारांबळ उडाली होती, हे त्याला आठवेल. तू त्याला काहीही गळ्यात मारलेलं नाहीस. तू त्याला फक्त आठवण करून दिलीस. ह्याहून सभ्य व्यवसाय मला माहीत नाही.

आता उंची. चांगली वस्तू डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी हे सगळेच सांगतात. पण डोळे कोणाचे, हे कोणी सांगत नाही. फळ्या तुझ्या नवऱ्याने ठोकल्या, म्हणजे त्या त्याच्या उंचीच्या असणार. तुझ्याकडे येणार बायका आणि म्हातारी माणसं. फळ्या वीतभर खाली घे.

आणि आता ते शास्त्र, जे मला कोणी शिकवलं नाही. मी इथे उतरलो तेव्हा माझ्याजवळ भूमिती शिकवण्याचं प्रमाणपत्र होतं आणि ते वाचू शकेल असा एकही माणूस नव्हता. गोदामात खोकी उतरवली. नंतर बसथांब्यासमोर घडीचं टेबल मांडलं : बुटांच्या नाड्या, मोजे, बटणं. माल मूठभर आणि टेबल भलंमोठं. लोक बघायचे आणि पुढे जायचे. एके दिवशी मी सगळा माल लोकांच्या बाजूच्या कडेला एका सरळ रेषेत लावला आणि मागची मोकळी जागा वहिनीच्या पिशवीने झाकली. दुपारपर्यंत मोजे संपले. तेव्हा उलगडा झाला की माणूस भरल्या टेबलाशी थांबतो. उरलेलं, शेवटचं उचलायला त्याला संकोच वाटतो. म्हणून एक साबण विकला गेला की मागचा पुढे ओढायचा. फळीची पुढची रांग कधीही मोडता कामा नये. मागे चार असोत वा नसोत, पुढे सगळं काठोकाठ.

ह्या एका नियमावर मी कोपऱ्यावरचं पहिलं दुकान घेतलं. रंग आम्ही दोघांनीच दिला. वहिनीने हळदीसारखा पिवळा रंग आणला होता. मी तिला समजावलं की ह्यावर छतापर्यंत फळ्या येणार, फळ्यांवर माल येणार, मग हा रंग बघणार कोण? ती म्हणाली, "मी बघेन." आजतागायत तिला तो दिसलेला नाही, आणि ह्याचा मला अभिमान आहे. दुकानाची मागची भिंत दिसू लागली की दुकान आजारी पडलं असं समजावं. पुढे दुसरं दुकान झालं, तिसरं झालं, चौथं झालं. भिंत कुठेच दिसू दिली नाही.

पुढच्या पत्रात तुझी अडचण कळव. वहिनी गल्ल्यावर आहे, तिला उसंत नाही. नमस्कार सांगते.

तुझा
दादा


१८ जुलै

दादा,

फळ्या खाली घेतल्या. हे दिवसभर गाल फुगवून होते, पण संध्याकाळी एका आजीबाईंनी स्वतःच्या हाताने पावडरचा डबा उचलला, तेव्हा मलाच म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" साबण मागे नेला. माणसं खरोखर चालत जातात आणि येताना हातात मेणबत्ती असते. तुझं हे गणित मला जादूसारखं वाटतं.

पण रांगेने माझी फजिती केली. साबण संपत आला होता, म्हणून तू सांगितलंस तशी उरलेल्या वड्यांची एकच रांग पुढे ओढून लावली. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन येतात, सगळे त्यांना टपालकाका म्हणतात. वस्तू दहादा चाचपल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पुढची वडी धुळीची म्हणून त्यांनी मागची काढायला हात घातला आणि सगळी रांग खाली आली. मागे नुसती फळी. मला काही बोलले नाहीत. चौकात मात्र सगळ्यांना सांगत सुटले की हे दुकान नव्हे, नाटकाचा पडदा आहे, मागे काही नाही. नंतर लोक यायचेच थांबले. जे येत तेही आधी मागे हात घालून बघत.

शेवटी ह्यांनी एक पुठ्ठा कापला आणि कारखान्यातल्या पाट्यांच्या अक्षरात लिहिलं : "साबण संपला. गुरुवारी येईल." तो मोकळ्या जागेत उभा केला. गुरुवारी दार उघडलं तर टपालकाका पहिले, खरंच आला का ते तपासायला, आणि त्यांच्या मागे बाकीची गल्ली. आता जिथे जे संपेल तिथे पाटी लावते. तुझ्या नियमाच्या विरुद्ध आहे. रागावणार असलास तर कारणासकट रागव.

आणि एक. वहिनीच्या हातची एक ओळ पाठव ना. फोनवर विचारावं तर तिचा नमस्कार तूच सांगतोस, पत्रातही तो तुझ्याच अक्षरात, आणि शब्द तेच ते. इतकी कसली घाई आहे तिला?

धाकटी


९ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

पाट्या काढून टाक. कारणासकट रागावतो.

"गुरुवारी येईल" असं लिहायला गुरुवारी माल यावा लागतो. तुझ्याकडे तो आला, म्हणून पाटी खरी ठरली. ज्याच्याकडे येणार नाही त्याने काय लिहायचं? एक उदाहरण देतो, म्हणजे सगळी रचना तुझ्या नजरेसमोर उभी राहील.

आमच्याच रस्त्यावर एक जुना दुकानदार आहे. पलीकडच्या मोकळ्या मैदानावर एक भलंमोठं दुकान उघडलं : गाड्या लावायला जागा, सरकती दारं, आत सायकल चालवावी एवढे रुंद रस्ते. ह्याची गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे वळली. गिऱ्हाइकं कमी, म्हणून ह्याची मालाची मागणी कमी. मागणी कमी, म्हणून घाऊक व्यापाऱ्याने कळवलं की एवढ्याशासाठी आमची गाडी थांबणार नाही. गाडी थांबत नाही, म्हणून माल नाही. माल नाही म्हणून उरलेली गिऱ्हाइकंही जातात. वर्तुळ पुरं झालं. त्याला आरंभ नाही, शेवट नाही आणि आतून बाहेर पडायला दार नाही.

आता तो काय करतो ते ऐक. शटर वर करण्याआधी तो त्या मोठ्या दुकानात जातो. ढकलगाडी घेतो. ज्यांनी त्याची गिऱ्हाइकं नेली, त्यांच्याच फळीवरून दोन बाटल्या, तीन दिवे, एक ब्रश असं उचलतो. आपल्या दुकानात आणून पुढच्या रांगेत लावतो आणि घेतलं त्याच भावाने विकतो. मिळत काहीच नाही. पण आलेल्या माणसाला त्याने अजून एकदाही "नाही" म्हटलेलं नाही. लोक त्याला वेडा म्हणतील. मला त्याची शिस्त आवडते.

माझं मात्र ठीक आहे. ह्या कोपऱ्यावरच्या जागेचा करार वर्षअखेर संपतो, तो मी आणखी दहा वर्षांसाठी करणार आहे. कागद तयार होऊन आलाय, सही तेवढी बाकी आहे. सोबत दुकानाचा फोटो पाठवतो. शेजारच्या घड्याळवाल्याने काढला. फळ्या बघ. पुढची रांग कशी असावी, ह्याचा हा धडा समज आणि तुझ्या दुकानात भिंतीला लावून ठेव.

वहिनी गल्ल्यावर आहे, तिला उसंत नाही. नमस्कार सांगते.

तुझा
दादा


२ सप्टेंबर

दादा,

फोटो भिंतीला लावला नाही. उजेडात नेऊन बघितला, मग ह्यांचा चष्मा लावून बघितला.

तू मला फार नीट शिकवलंस, ही तुझीच चूक. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, बापरे, केवढं भरलेलं दुकान. आता मला कळतं. रांग सरळ आहे, एकही जागा मोडलेली नाही. पण वरून तिसऱ्या फळीवर, दोन बाटल्यांच्या मध्ये, बोटभर पिवळं दिसतंय. चौथ्या फळीवर डब्यांच्या डोक्यावरून दिसतंय. खालच्या फळीवर तर डब्यांची सावली थेट भिंतीवर पडली आहे. मागे काही असतं तर ती मालावर पडली असती. पिवळा रंग वहिनीने आणला होता, तूच सांगितलंस.

गल्ल्यामागे वहिनीचं उंच स्टूल आहे. त्यावर रंगाचे डबे मनोऱ्यासारखे रचलेत. ज्या स्टुलावरून उठायला वहिनीला उसंत नाही, त्यावर डबे कसे राहतात, ते मला समजावून सांग. तुला समजावून सांगायला आवडतं.

तुमच्या रस्त्यावरच्या त्या जुन्या दुकानदाराबद्दल तू इतकं बारकाईने लिहिलंस, पण त्याला घरी कोण आहे ते लिहिलं नाहीस. तो जेवतो कुठे? त्याच्याशी कोण बोलतं?

मी तुला बरा आहेस का असं विचारणार नाही. तू "ठीक आहे" असं लिहिशील आणि ते अगदी पुढच्या काठावर लावून ठेवशील. मी एवढंच सांगते : कुठल्याही फळीपाशी जा, पहिल्या रांगेच्या मागे हात घाल, आणि हाताला काय लागलं ते मला लिही. ते लिहून होईपर्यंत त्या करारावर सही करू नकोस.

धाकटी


३० सप्टेंबर

दादा,

पत्र नाही. दुकानाचा फोन वाजत राहतो. घरचा नंबर लावला तर तो आता दुसऱ्याच कोणाकडे आहे. त्या माणसाला मी तुझ्या नावाने हाक मारली आणि तो बिचारा माफी मागायला लागला.

फोटोबद्दल बोलले ते चुकलं का? चुकलं असेल तर शिव्या घालायला तरी लिही. हे रोज पोस्टात जाऊन येतात आणि दारातूनच मान हलवतात. माझं दुकान चाललंय. त्याचं मला काही वाटेनासं झालंय.

धाकटी


१६ ऑक्टोबर

धाकटे,

हात घातला. भिंत लागली.

तू फोटोत हेरलेल्या तीनही फळ्यांवर तेच, म्हणून मोजणं थांबवलं. तो जुना दुकानदार मी आहे, हे तू ओळखलंसच. बाकीची तीन दुकानं एकामागून एक गेली. त्यांच्याबद्दल तुला लिहीत होतो ते सगळं ती चालू होती तेव्हाचं होतं. हे कोपऱ्यावरचं पहिलं तेवढं उरलं. घर सोडलं. मागच्या साठवणीच्या खोलीत राहतो. ती रिकामीच होती.

वहिनी वसंतात गेली, लेकीकडे, दुसऱ्या गावाला. भांडण झालं नाही. मी सकाळी रांग लावत होतो. तिने विचारलं, हे कोणासाठी लावतोस? मी म्हटलं, गिऱ्हाइकांसाठी. ती म्हणाली, "आता दिवसभर इथे मीच असते. आणि मागे काय आहे ते मला माहीत आहे." मग तिने तिची पिशवी उचलली. तीच पिशवी, जिने मी टेबलाची मोकळी जागा झाकली होती. मी तिला थांबवलं नाही, कारण त्या क्षणी दारात एक माणूस उभा होता आणि मला वाटलं तो आत येईल. तो रस्ता विचारायला आला होता.

तू विचारलंस, त्याच्याशी कोण बोलतं. एक काठीवाल्या बाई आहेत. आठवड्यातून एकदा येतात, बहुतेक दिवा नेतात. मागच्या खेपेला त्यांना हवा तो दिवा नव्हता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, "आतून आणतो" म्हणालो आणि मागच्या दाराने पळत त्या मोठ्या दुकानात गेलो. तिथली गल्ल्यावरची मुलगी मला ओळखते. ती म्हणाली, "आज एकच?" दिवा घेऊन परत पळत आलो, पिशवी मागच्या खोलीत टाकली आणि दम लपवत दिवा त्यांच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं मिळतं, म्हणून तर मी तिकडे कधी जात नाही." त्या वाक्यावर मी आठवडाभर जगलो. मग त्याच वाक्याची भीती वाटू लागली. दर वेळी दार वाजलं की वाटतं : हा माणूस असं काही मागेल, जे मला पळत जाऊनही आणता येणार नाही.

आधी दुकान रिकामं असे तेव्हा मी गिऱ्हाइकाची वाट बघायचो. आता गिऱ्हाईक येऊ नये म्हणून वाट बघतो. ह्या एका वाक्यात माझी स्थिती पूर्ण मांडून झाली. मास्तर म्हणून मला ते वाक्य नीट जमलं असं वाटतं.

शटर अर्धवट ओढून आत बसलो तर किती दिवसांनी कोणाच्या लक्षात येईल, हेही मी शांतपणे विचारून पाहिलं. उत्तर आलं. इथे लिहीत नाही.

करारावर सही केलेली नाही. कागद समोर आहे. सही केली तर हे असंच दहा वर्षं. नाही केली तर मी कोण? भूमिती शिकवणारा मी कधीच पुसला गेलो. चार दुकानांचा मालकही गेला. आता रांग लावणारा एक माणूस उरला आहे, आणि त्याच्याकडून रांग काढून घेतली तर मागे काय लागेल ह्याची मला खात्री आहे. ह्याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर दे. नसेल तर निदान रागावू नकोस.

दादा


४ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद करून आत बसले. ह्यांनी बाहेर पुठ्ठा लावला : "बाई जरा आत आहेत. येतील." त्यांना काय झालंय ते सांगितलं नव्हतं, तरी बरोबर लिहिलं.

तू कोण, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं माहीत आहे की कंगवा मागायला आलेल्या बाईला बघून स्वयंपाकघरात पळणारी तुझी बहीण आज टपालकाकांशी घासाघीस करते, आणि ते कोणीतरी हजारो मैलांवरून, रिकाम्या दुकानात बसून शिकवलं. तू भरलेल्या दुकानातून शिकवत होतास असं मला वाटत होतं. आता कळतंय की तुझ्याजवळ त्या वेळी तेवढंच उरलं होतं आणि तेही तू मला देऊन टाकलंस.

रागावणार असलास तर बसून रागव : मी वहिनीला लिहिलं. लेकीचा पत्ता माझ्याकडे होता. सगळं लिहिलं, शटरचंसुद्धा. मला वाटलं ती आठ पानं लिहील, तुला नावं ठेवील, रडेल. दोन ओळी आल्या. पहिली : "त्याचा जाड कोट कपाटात अगदी मागे आहे, त्याला सापडणार नाही." दुसरी : "कपाट आता कुठे आहे?"

ते तिला तू कळव. बाकी काही लिहायचं नसलं तरी एवढं कळव.

आणि माझं एक ऐक. आजपर्यंत तू सांगितलंस ते मी केलं. एकदा मी सांगते ते तू कर. उद्यापासून त्या मोठ्या दुकानात जाऊ नकोस. जे फळीवर आहे तेवढं विक. एक वस्तू गेली की दुसरी पुढे ओढू नकोस, शेजारची सरकवू नकोस. जागा मोकळी दिसू दे. कोणी मागितलं आणि नसलं तर म्हण, नाही. एकदाच म्हणून बघ. आणि मग मला लिही.

धाकटी


८ डिसेंबर

प्रिय धाकटे,

क्रमाने सांगतो, नाही तर मलाच समजणार नाही.

कोट सापडला. मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांचा ढीग आहे, त्याच्याही मागे कपाट ढकललेलं होतं. इतक्या महिन्यांत मागे हात घातला आणि हाताला काहीतरी लागलं, असं पहिल्यांदाच झालं. खिशात एक मोज्यांची जोडी निघाली, घडीच्या टेबलाच्या काळातली, न विकलेली. वहिनीला एक ओळ लिहिली : "कपाट दुकानात आहे. मीही." तुझ्या सांगण्याप्रमाणे बाकी काही लिहिलं नाही. लिहिता आलं असतं असंही नाही.

मग तू सांगितलंस तसं विकू लागलो. पहिल्या दिवशी एक ब्रश गेला आणि त्या जागेकडे बघवेना. हात आपोआप शेजारचा डबा सरकवायला गेला. मी तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. खोटं सांगत नाही, घड्याळवाला काचेतून बघत होता. नंतर सवय झाली. दोन जागा, पाच जागा. पुठ्ठ्याच्या पाट्या लिहिल्या, पण माझ्या पाटीवर एकच शब्द : "संपले." दुसरी ओळ लिहायची सोय नव्हती.

काठीवाल्या बाई आल्या. दिवा मागितला. मी म्हटलं, "नाही." धाकटे, हा शब्द मी त्या दुकानात उभा राहून कधीच उच्चारला नव्हता. तो बाहेर पडायला इतका वेळ लागला की बाईंनी मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. मग त्यांनी फळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या की मागच्या वेळी तुम्ही किती धापा टाकत होतात, मला वाटलं आत जिना असेल. त्या बराच वेळ बसल्या. जाताना बूटपॉलिशची शेवटची डबी घेऊन गेल्या. त्यांचे बूट कापडी आहेत. शेवटची वस्तू उचलायला माणसाला संकोच वाटतो, असं मी तुला शिकवलं होतं. ते दुरुस्त करून घे.

काल दुपारी मी गल्ल्याशी कोट घालून बसलो होतो. इथे थंडी पडली आहे. समोर करार आणि त्यावर लेखणी. दार वाजलं आणि सवयीने नजर मागच्या दाराकडे गेली. वहिनी होती. हातात तीच पिशवी. मी उठून स्टुलावरचे डबे उतरवू लागलो. ती म्हणाली, राहू दे, मी उभीच बरी. मला वाटलं ती कोटाबद्दल बोलेल, जेवलास का विचारील, निदान लेकीचं काही सांगेल. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती फळ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

फळ्यांवर आता काहीच नव्हतं, म्हणजे जवळजवळ काहीच नव्हतं. मागे सगळी भिंत. उजेड कधी लागला नाही म्हणून तो पिवळा रंग जसा दिला तसाच आहे, ओला वाटावा असा. माझ्या बाजूचा ब्रशचा हात वेडावाकडा आहे, तिच्या बाजूचा सरळ. एका कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा ठसा उठला आहे. तो तेव्हा मी पुसायला निघालो होतो आणि ती म्हणाली होती, झाकलाच जाणार आहे ना, मग राहू दे.

ती बराच वेळ बघत राहिली. मी मागे उभा होतो. मला सगळं समजावून सांगायचं होतं : मैदानावरचं दुकान, घाऊक व्यापाऱ्याची गाडी, ते वर्तुळ, सगळं क्रमाने.

शेवटी तीच बोलली. म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, पिवळा शोभेल."

मी हो म्हटलं. करार तसाच परत केला, सही न करता. दोघांनी मिळून स्टूल मोकळं केलं. मग ती बसली आणि मी खाली खोक्यावर बसलो, आणि दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत आम्ही ती भिंत बघत राहिलो. एकही गिऱ्हाईक आलं नाही.

पुढे काय, ते मला माहीत नाही. लेकीकडे खोली लहान आहे, तुझं गाव लांब आहे आणि माझं वय उतरणीला लागलं आहे. रडू येतं ते येतंच. दारावर लावायची मोठी पाटी लिहायला घेतली आहे. "संपले" एवढं लिहून झालं. खाली दुसऱ्या ओळीची जागा सोडायला वहिनीने सांगितली आहे, पण तिथे काय लिहायचं ते दोघांनाही सुचत नाही. तुझ्या नवऱ्याचं अक्षर चांगलं आहे. त्याला विचारून कळव.

वहिनी इथे आहे. तिला उसंत आहे. खाली तिने स्वतः लिहिलं आहे.

तुझा
दादा

धाकटे, कोट त्याला सैल होतोय. बाकी भेटीत. — वहिनी